फेंटानिलनंतर नायटाझीन: कृत्रिम ओपिऑइडचा धोका नेमका कशात आहे?

फेंटानिल हे औषध जगभरच्या ऑपरेशन थिएटरांत रोज वापरलं जातं. भूलतज्ज्ञ ते शिरेतून देतात, पोट उघडलं तरी रुग्णाला कळत नाही, आणि काही तासांनी तो शुद्धीवर येऊन पाणी मागतो. बाळंतपणाच्या कळा सुसह्य व्हाव्यात म्हणून पाठीत जे इंजेक्शन देतात, त्यातही ते बऱ्याचदा असतं. याच फेंटानिलने आणि त्याच्या भावंडांनी २०२३ साली एकट्या अमेरिकेत ७०,०००हून जास्त माणसांचा जीव घेतला.

ही बातमी आता जुनी झाली असं वाटत असतानाच 'नायटाझीन' हे नवं नाव कानावर येऊ लागलं. ब्रिटनमध्ये २०२४ साली नायटाझीनशी संबंधित ३३३ मृत्यूंची नोंद तिथल्या राष्ट्रीय गुन्हे अन्वेषण संस्थेने केली. एस्टोनिया या चिमुकल्या देशात २०२३ साली अमली पदार्थांमुळे जे मृत्यू झाले, त्यातल्या जवळपास निम्म्यांमध्ये नायटाझीन सापडलं. 'हेरॉइनपेक्षा पन्नास पट घातक', 'फेंटानिललाही मागे टाकणारं' असे मथळे येतात. ते अगदीच खोटे नसतात, पण वाचणाऱ्याला त्यातून फारसं काही कळत नाही. पन्नास पट म्हणजे काय? दवाखान्यात जे चालतं ते बाहेर का चालत नाही? आणि साध्या बंदीने हे थांबत का नाही?

ओपिऑइड म्हणजे काय?

अफूच्या हिरव्या बोंडाला चीर दिली की पांढरा चीक पाझरतो. तो वाळवला की अफू. या अफूतला मुख्य गुणकारी घटक म्हणजे मॉर्फिन. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रीडरिश झेर्ट्युर्नर या जर्मन औषधविक्रेत्याने तो वेगळा काढला. पुढे मॉर्फिनवर थोडी रासायनिक प्रक्रिया करून हेरॉइन तयार झालं. १८९८ साली बायर कंपनीने ते खोकल्याचं औषध म्हणून बाजारात आणलं होतं, हे आज वाचताना कसंसंच होतं.

फेंटानिलसाठी अफूची गरजच नाही. पॉल यान्सेन या बेल्जियन डॉक्टरने ते १९६०च्या सुमारास प्रयोगशाळेत संपूर्णपणे रसायनांपासून बनवलं. अशा पदार्थांना कृत्रिम ओपिऑइड म्हणतात. अफूतून आलेले असोत वा रसायनांतून, शरीरात एकाच प्रकारे काम करणाऱ्या या सगळ्या पदार्थांचं सामायिक नाव ओपिऑइड.

ते काम असं. आपल्या मेंदूत आणि मज्जारज्जूत पेशींवर काही ठरावीक प्रथिनं असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. शरीर स्वतःच वेदना कमी करणारी रसायनं तयार करतं आणि ती या रिसेप्टरांना चिकटतात. ओपिऑइडही तिथेच जाऊन चिकटतात, पण फार जोरात. वेदना विझते, मन हलकं होतं. गडबड ही आहे की हेच रिसेप्टर श्वास चालवणाऱ्या केंद्रातही आहेत.

माणूस मरतो तो कसा?

श्वास घ्यायला आपल्याला आठवण करावी लागत नाही. मेंदू जिथे मज्जारज्जूला जोडला जातो तिथल्या पेशींचा एक समूह श्वासाचा ताल धरून असतो. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की हा समूह जागा होतो आणि श्वास खोल, भराभर होतो. पाण्याखाली दम धरल्यावर जी तगमग होते ती याचीच.

ओपिऑइड ही तगमगच मारून टाकतं. कार्बन डायऑक्साइड वाढत जातो, पण मेंदूला त्याचं काहीच वाटत नाही. श्वास मिनिटाला पंधराचा दहा होतो, मग सहा, मग मधेच एखादा. माणूस तडफडत नाही, हातपाय झाडत नाही, हाक मारत नाही. गळ्यातून घरघर येते, आणि शेजारी बसलेल्याला वाटतं, गाढ झोपलाय, घोरतोय, झोपू दे. ओपिऑइडच्या कितीतरी मृत्यूंमध्ये माणूस घरात, कुणाच्या तरी सोबतच असतो. ओठ आणि नखं निळसर पडेपर्यंत कुणाला शंका येत नाही. श्वास पूर्ण थांबल्यावर मेंदूला कायमची इजा व्हायला चार ते सहा मिनिटं पुरतात.

दारू किंवा झोपेच्या गोळ्या सोबत असतील तर दोन्ही मिळून श्वास दाबतात. आणखी एक गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. रोज घेणाऱ्याच्या शरीराला सवय होते, त्यामुळे तो इतरांना मारून टाकेल एवढी मात्रा पचवतो. पण काही आठवडे तुरुंगात, रुग्णालयात किंवा व्यसनमुक्ती केंद्रात काढले की ही सवय मोडते. बाहेर आल्यावर तो जुन्याच अंदाजाने घेतो. तुरुंगातून सुटल्यानंतरचे पहिले दोन आठवडे अशा माणसांसाठी सगळ्यात धोक्याचे असतात, हे अनेक देशांत दिसून आलं आहे.

'शंभर पट तीव्र' याचा खरा अर्थ

रुग्णालयात मोठ्या माणसाला वेदनेसाठी मॉर्फिनचं इंजेक्शन साधारण १० मिलिग्रॅमचं असतं. तेवढाच परिणाम फेंटानिलच्या ०.१ मिलिग्रॅममध्ये, म्हणजे १०० मायक्रोग्रॅममध्ये मिळतो. म्हणून फेंटानिल मॉर्फिनच्या शंभर पट तीव्र. आता, तीव्र असणं हा स्वतःहून दोष नव्हे. शंभरावा हिस्सा दिला की झालं. फेंटानिलची कुपी येते तीच मुळात पातळ केलेली, दर मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम. कारखान्यात ती मोजलेली, तपासलेली असते. ती टोचताना रुग्णाच्या बोटाला ऑक्सिजन मोजणारी चिमटी असते, आणि श्वास मंदावला तर तो चालवायला बाजूला यंत्र आणि माणूस दोन्ही हजर असतात.

या सगळ्या गोष्टी काढून घ्या. उरतो एक अडाणी कारखाना, पांढरी भुकटी, आणि ती दुसऱ्या भुकटीत मिसळणारा कुणीतरी. सवय नसलेल्या माणसाला सुमारे २ मिलिग्रॅम फेंटानिल मारू शकतं असं अमेरिकेचा अमली पदार्थविरोधी विभाग सांगतो. ही मात्रा हजारो गोळ्यांत सारखी पसरवणं हे औषध कंपन्यांनाही काळजीने करावं लागतं. अवैध धंद्यात ते होतं फावड्याने वाळू-सिमेंट कालवल्यासारखं. वरून माल एकसारखा राखाडी दिसतो, पण भिंत बांधल्यावर कळतं की एका घमेल्यात नुसती वाळू गेली आणि दुसऱ्यात सिमेंटचा गठ्ठा. भिंतीचे पोपडे निघतात. इथे एकाच पाकिटातल्या एका गोळीने काहीच होत नाही आणि दुसरीने माणूस जातो. म्हणूनच 'मी काल यातलीच घेतली होती, काही झालं नाही' या वाक्याला काही अर्थ नसतो.

मात्रेवर ताबा नसला की काय होतं, हे एका सरकारनेही अनुभवलं आहे. ऑक्टोबर २००२मध्ये मॉस्कोच्या दुब्रोव्का नाट्यगृहात अतिरेक्यांनी आठशेहून जास्त लोकांना ओलीस धरलं. रशियन सुरक्षा दलांनी सभागृहात एक वायू सोडला. सुमारे १३० ओलीस दगावले, बहुतेक सगळे त्या वायूमुळेच. तो कसला वायू होता हे अधिकाऱ्यांनी स्पष्ट सांगितलं नाही. वाचलेल्या ब्रिटिश नागरिकांच्या कपड्यांची तपासणी करून ब्रिटनच्या प्रयोगशाळेने त्यात कार्फेंटानिल आणि रेमिफेंटानिल असल्याचं २०१२ साली प्रसिद्ध केलं. कार्फेंटानिल हे हत्तीसारख्या मोठ्या प्राण्यांना बेशुद्ध करायला वापरतात, मॉर्फिनच्या सुमारे १०,००० पट तीव्र. आत बसलेल्या प्रत्येकाच्या श्वासात किती जातंय हे मोजायची काहीच सोय नव्हती. दारात आलेल्या डॉक्टरांनाही आपण कशावर उपचार करतोय हे ठाऊक नव्हतं.

तीव्रतेला वेगाचीही जोड आहे. फेंटानिल चरबीत सहज विरघळतं, त्यामुळे रक्तातून मेंदूत शिरायला त्याला फार वेळ लागत नाही. हेरॉइनच्या बाबतीत मदत बोलवायला बऱ्याचदा थोडी उसंत मिळायची. फेंटानिलने काही मिनिटांतच श्वास थांबू शकतो.

हा धंदा अफूकडून रसायनांकडे का वळला?

अफूला जमीन लागते, पाऊस लागतो, चीक काढायला शेकडो हात लागतात आणि वर्षातून ठरावीक हंगाम असतो. शेत विमानातूनही दिसतं. रसायनाला यातलं काहीच लागत नाही. शिवाय तीव्रता जितकी जास्त, तितका माल लहान. किलोभर हेरॉइनचं काम जे काही ग्रॅममध्ये होतं, ते टपालाच्या पाकिटातूनही जातं. लपवणं सोपं आणि पकडलं गेलं तरी नुकसान थोडं. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती तेव्हा तस्करांनी बिअरऐवजी कडक दारू वाहून न्यायला सुरुवात केली, त्यामागे हेच गणित होतं. लपवावं लागणारा माल दाट होत जातो.

यात आता अफगाणिस्तानची भर पडली आहे. एप्रिल २०२२मध्ये तालिबानने अफूच्या लागवडीवर बंदी घातली. संयुक्त राष्ट्रांच्या पाहणीनुसार २०२२ साली २,३३,००० हेक्टरवर असलेली लागवड २०२३ साली १०,८०० हेक्टरवर आली, म्हणजे ९५ टक्क्यांनी घटली. युरोपातलं बहुतेक हेरॉइन याच अफूतून येत होतं. ऐकायला चांगली बातमी. पण एस्टोनियाचा अनुभव वेगळं सांगतो. तालिबानने २०००मध्येही अशीच बंदी घातली होती. त्यानंतर एस्टोनियात हेरॉइन आटलं, तिथे फेंटानिल शिरलं आणि अफूची शेती पुन्हा सुरू झाल्यावरही ते गेलं नाही. पुढची बरीच वर्षं या देशाचा अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मृत्यूंचा दर युरोपीय संघात सगळ्यात वरच्यांपैकी राहिला. शेत बंद झाल्याने मागणी संपत नाही, एवढंच त्यातून दिसतं.

नायटाझीन कुठून आलं?

स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरातल्या सिबा या औषध कंपनीने १९५०च्या दशकात मॉर्फिनला पर्याय शोधताना हा गट बनवला. वेदना त्याने उत्तम थांबत होत्या, पण श्वासही थांबत होता. सुरक्षित मात्रा आणि घातक मात्रा यांत अंतर इतकं कमी होतं की कुठल्याच नायटाझीनला औषध म्हणून मान्यता मिळाली नाही. कागदपत्रं मात्र राहिली. शोधनिबंध आणि पेटंट ही सार्वजनिक गोष्ट असते, आणि साठ वर्षांनी ती भलत्याच लोकांनी वाचली.

आयसोटोनिटाझीन हे त्यातलं पहिलं ठळक नाव २०१९मध्ये अमेरिका आणि युरोपच्या बाजारात दिसलं. त्याच वर्षी मे महिन्यात चीनने फेंटानिलच्या सगळ्या भावंडांवर एकगठ्ठा बंदी घातली होती. एकामुळेच दुसरं झालं असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही, पण वेळ फारच जुळून आली. तेव्हापासून एकामागून एक नवी नावं येत आहेत: मेटोनिटाझीन, प्रोटोनिटाझीन वगैरे. काही फेंटानिलच्या बरोबरीची, काही त्याच्या कित्येक पट तीव्र. युरोपीय संघाच्या पूर्वसूचना यंत्रणेकडे २०२४ साली जी सात नवी ओपिऑइड नोंदवली गेली, ती सातही नायटाझीनच होती.

हे श्रीमंत देशांपुरतं आहे असं समजायचं कारण नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनमध्ये 'कुश' नावाची, धूर ओढून करायची स्वस्त नशा तरुणांमध्ये इतकी पसरली की राष्ट्राध्यक्षांनी एप्रिल २०२४मध्ये राष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली. तिच्यात काय आहे याबद्दल नाना अफवा होत्या, मानवी हाडांचा चुरा मिसळतात इथपर्यंत. नमुने तपासले तेव्हा सुमारे निम्म्यांत नायटाझीन निघालं. अफवेपेक्षा खरी गोष्ट जास्त भीतीदायक होती.

"मी नशा करत नाही, माझा काय संबंध?"

संबंध येतो तो खोट्या गोळ्यांमुळे. हुबेहूब औषध कंपनीच्या दिसणाऱ्या गोळ्या, तोच रंग, तोच ठसा, आणि आत फेंटानिल किंवा नायटाझीन. अमेरिकी गायक प्रिन्स २१ एप्रिल २०१६ रोजी स्वतःच्या घरात मृतावस्थेत सापडला. त्याला वेदनाशामकांचं व्यसन होतं हे खरं. पण आपण व्हायकोडिन ही नेहमीची वेदनाशामक गोळी घेतोय अशीच त्याची समजूत असावी आणि प्रत्यक्षात ती फेंटानिल भरलेली नक्कल होती, असा निष्कर्ष दोन वर्षांच्या तपासानंतर सरकारी वकिलांनी जाहीर केला. एवढा पैसा आणि एवढी प्रसिद्धी असलेल्या माणसालाही हातातली गोळी ओळखता आली नाही.

नायटाझीन झोपेच्या आणि चिंता कमी करण्याच्या बनावट गोळ्यांत सापडलं आहे, ई-सिगारेटच्या द्रवातही सापडलं आहे. परीक्षेच्या ताणाने झोप येत नाही म्हणून ओळखीच्या कुणाकडून किंवा इंटरनेटवरून गोळी घेणारा मुलगा स्वतःला नशा करणारा समजत नाही. त्याच्या शरीराला ओपिऑइडची अजिबात सवय नसते, म्हणजे सगळ्यात कमी मात्रेत मरणारा तोच. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय, औषधाच्या दुकानाबाहेर मिळालेली कुठलीही गोळी आतून काय आहे हे बघून कळत नाही. वासाने नाही, चवीने नाही.

तपासणीतूनही ते लगेच कळत नाही. रुग्णालयात लघवीची जी साधी झटपट चाचणी असते ती मॉर्फिनच्या ठेवणीचे पदार्थ ओळखायला बनवलेली आहे. फेंटानिल आणि नायटाझीन यांची रासायनिक रचना वेगळी, त्यामुळे ती चाचणी 'काही नाही' असं सांगू शकते. त्यांना पकडायला महागडी यंत्रं लागतात आणि काय शोधायचं हे आधी ठाऊक असावं लागतं. जिथे शवविच्छेदनानंतर अशी तपासणी होत नाही, तिथे हा मृत्यू हृदयविकाराच्या किंवा 'कारण अज्ञात'च्या रकान्यात जातो. 'आमच्याकडे हा प्रश्न नाही' असं एखाद्या देशाने म्हटलं, तर तुम्ही शोधलंत का, हे आधी विचारायला हवं.

"नुसत्या स्पर्शाने माणूस कोसळतो म्हणे"

समाजमाध्यमांवर असे व्हिडिओ फिरतात: पोलीस अधिकारी पुडी हातात घेतो आणि खाली पडतो. विषतज्ज्ञांना हे पटत नाही. अमेरिकेतल्या विषविज्ञानाच्या दोन मोठ्या वैद्यकीय संघटनांनी २०१७ साली संयुक्त निवेदन काढून सांगितलं की कोरडी भुकटी सहज हाताला लागल्याने विषबाधा होण्याची शक्यता अत्यंत कमी आहे. त्यांनी हिशेबही दिला: वैद्यकीय वापराच्या फेंटानिल पट्ट्यांनी, ज्या मुद्दाम कातडीतून औषध जावं म्हणूनच बनवलेल्या असतात, दोन्ही तळहात पूर्ण झाकले तरी १०० मायक्रोग्रॅम आत जायला सुमारे १४ मिनिटं लागतील. पडणाऱ्या अधिकाऱ्यांची लक्षणं, म्हणजे धाप लागणं, छाती धडधडणं, ही ओपिऑइडच्या बरोबर उलटी असतात. ती भीतीची असतात, आणि भीती खरी असते, पण विष नसतं. मॉस्कोच्या नाट्यगृहात बंद जागेत मुद्दाम वायू सोडला होता. रस्त्यावर सांडलेल्या पुडीशी त्याची तुलना होत नाही.

हे सांगायचं कारण एवढंच की या अफवेने माणसं मरतात. श्वास थांबलेल्या माणसाला हात लावायला लोक घाबरतात आणि ती चार मिनिटं निघून जातात. सांडलेली भुकटी साबण-पाण्याने धुवावी, हात तोंडाला लावू नये, हातमोजे असतील तर घालावेत. आणि मदत करावी.

"मग सरळ बंदी का घालत नाहीत?"

घातली आहे, वारंवार. अडचण कायद्याच्या रचनेत आहे. बहुतेक कायदे पदार्थांची नावं लिहून यादी करतात. रेणूचा एखादा कोपरा बदलला की नाव बदलतं, यादी मागे पडते, परिणाम तोच राहतो. म्हणून आता काही देश पूर्ण कुटुंबावरच बंदी घालतात. ब्रिटनने आधी नायटाझीनची नावं घेऊन बंदी घातली, आणि मग जानेवारी २०२५पासून संपूर्ण गटच कायद्याखाली आणला. याने फरक पडतो, उघड विक्री थांबते. पण या कुटुंबांच्या पलीकडे आणखी कुटुंबं आहेत. 'ऑर्फिन' म्हणून ओळखला जाणारा गट आता नमुन्यांत दिसू लागला आहे, आणि तीव्र ओपिऑइड बनवण्याचे रासायनिक मार्ग अजून संपलेले नाहीत.

माझ्या मते पूर्ण गटावर बंदी हवीच, पण तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. जिथे एका पाकिटाचा माल हजारो मात्रांचा असतो, तिथे शंभरातली नव्वद पाकिटं पकडूनही बाजार चालू राहतो.

उतारा आहे, आणि तो चालतो

नॅलॉक्सोन हे औषध १९७१पासून वापरात आहे. ते रिसेप्टरवरून ओपिऑइडला हटवून स्वतः जागा घेतं आणि काहीच करत नाही. श्वासाचं केंद्र मोकळं होतं, दोन-तीन मिनिटांत श्वास परत येऊ लागतो. नाकात मारायच्या फवाऱ्याच्या रूपात ते कुणीही देऊ शकतं. बेशुद्ध माणसाच्या अंगात ओपिऑइड नसलं तरी त्याने अपाय होत नाही. अमेरिकेने मार्च २०२३मध्ये हा फवारा डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी दिली.

नायटाझीनवर नॅलॉक्सोन चालत नाही, असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं दिसतं. ते चूक आहे. ते चालतं, कधी एकापेक्षा जास्त मात्रा लागतात. शिवाय नॅलॉक्सोनचा परिणाम साधारण अर्धा ते दीड तास टिकतो, आणि काही ओपिऑइड त्याहून जास्त वेळ अंगात राहतात. म्हणजे शुद्धीवर आलेल्या माणसाचा श्वास तासाभराने पुन्हा थांबू शकतो. 'आता बरं वाटतंय, दवाखान्यात नको' हे त्याचं म्हणणं म्हणूनच ऐकायचं नाही.

फवारा हाताशी नसेल तरी काहीतरी करता येतं. हाक मारून, खांदा हलवूनही जागा न होणारा, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेला, श्वास थांबत-थांबत घेणारा माणूस दिसला तर आधी रुग्णवाहिका बोलवायची. मग मान मागे करून तोंडाने श्वास द्यायचा. इथे हृदय बहुतेक वेळा नंतर थांबतं, श्वास आधी, त्यामुळे हवा पोचवणं हेच मोठं काम. श्वास चालू असेल तर त्याला कुशीवर वळवायचं, उलटी घशात जाऊ नये म्हणून.

"उतारा वाटला तर लोक आणखी बिनधास्त होतील"

हा आक्षेप प्रामाणिक आहे, झटकून टाकण्यासारखा नाही. पण नॅलॉक्सोन दिल्यावर व्यसनी माणसाला जे होतं ते पाहिलेला कुणी असं म्हणणार नाही. एका क्षणात सगळी नशा उतरते आणि ओकाऱ्या, थरथर, अंगदुखी सुरू होते. त्याची हौस कुणाला नसते. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात ज्या गावांमध्ये सामान्य लोकांना नॅलॉक्सोन आणि त्याचं प्रशिक्षण दिलं गेलं, तिथे ओपिऑइडच्या अतिमात्रेने होणाऱ्या मृत्यूंचा दर न दिलेल्या गावांपेक्षा कमी राहिला, असं २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळलं. आणि मेलेल्या माणसावर व्यसनमुक्तीचा उपचार करता येत नाही, हा मुद्दा राहतोच.

तो उपचारही उपलब्ध आहे. मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही हळू काम करणारी ओपिऑइड, ठरलेल्या मात्रेत, देखरेखीखाली दिली जातात. 'एका व्यसनाऐवजी दुसरं' अशी त्यांची हेटाळणी होते. पण हे उपचार चालू असताना मृत्यूचं प्रमाण जवळपास निम्म्याने घटतं, इतका ठोस परिणाम व्यसनाच्या उपचारात दुसऱ्या कशाचाच सहसा दिसत नाही. कारण पुन्हा मात्रा. माणसाला रोज काय आणि किती मिळतंय हे माहीत असतं.

या सगळ्या भीतीत एक वर्ग कायम विसरला जातो, तो म्हणजे कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातले रुग्ण. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१७ साली मांडलेला हिशेब असा: जगात वर्षाला मॉर्फिनच्या मापात सुमारे ३०० टन वैद्यकीय ओपिऑइड वाटली जातात आणि त्यातली सर्वांत गरीब देशांच्या वाट्याला येतात जेमतेम ०.१ टन. अमेरिकेत डॉक्टरांनी किरकोळ दुखण्यालाही या गोळ्या सढळ हाताने लिहिल्या आणि तिथल्या साथीची पहिली लाट त्यातूनच उठली, हे खरं. त्यावर उपाय म्हणून हाडांत पसरलेल्या कर्करोगाने ओरडणाऱ्या माणसाचं मॉर्फिन अडवणं हा शुद्ध क्रूरपणा आहे.

अमेरिकेत आकडा खाली आला, मग प्रश्न सुटला का?

अमेरिकेत अमली पदार्थांच्या अतिमात्रेने होणारे एकूण मृत्यू २०२३ सालच्या सुमारे १,१०,०००वरून २०२४ साली सुमारे ८०,०००वर आले. एका वर्षात एवढी घट तिथे पूर्वी झाली नव्हती. श्रेय कुणाला, यावर तज्ज्ञांत वाद आहे. कुणी नॅलॉक्सोनच्या प्रसाराकडे बोट दाखवतं, कुणी उपचारांकडे, कुणी रस्त्यावरच्या मालातलं फेंटानिल कमी झाल्याकडे. एक कटू कारणही सांगितलं जातं: ज्यांचा जीव जायचा होता त्यातले बरेच आधीच गेले.

माल मात्र बदलतच राहिला. फेंटानिलमध्ये झायलाझीन हे जनावरांना गुंगी आणणारं औषध मिसळलं जाऊ लागलं. ते घेणाऱ्यांच्या अंगावर खोल, न भरणाऱ्या जखमा होतात. अमेरिकी सरकारने २०२३ साली या मिश्रणाला उदयोन्मुख धोका जाहीर केलं. त्यानंतर २०२४पासून फिलाडेल्फियासारख्या शहरांत झायलाझीनची जागा मेडेटोमिडिन हे त्याहून तीव्र गुंगीचं औषध घेऊ लागलं. ही दोन्ही ओपिऑइड नव्हेत, त्यामुळे त्यांच्यावर नॅलॉक्सोनचा काहीच परिणाम होत नाही. फवारा मारल्यावर माणसाचा श्वास परततो, पण तो तासन् तास डोळे उघडत नाही. घाबरून लोक एकामागून एक फवारे मारत राहायचे. म्हणून तिथले आरोग्य कर्मचारी आता प्रशिक्षणात वेगळी सूचना देतात: माणूस जागा झाला का ते पाहू नका, छाती वर-खाली होते आहे का ते पाहा. होत असेल तर आणखी नॅलॉक्सोन नको. त्याला कुशीवर ठेवा, श्वासावर लक्ष ठेवा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत जवळच थांबा.